राहीच्या खोकल्याचा रिपोर्ट

मेढ्याच्या वरची वाडी,
रविवार, ता. ११ फेब्रुवारी १९४५

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

तुझी मुलगी पोचली. साताऱ्याच्या मोटारस्टँडवर तुमच्या वखारीतल्या सयाजीनं तिला माझ्या हवाली केलं. सोबत एक गाठोडं, औषधाची बाटली आणि तुझी चिठ्ठी. बारा वर्षांत लेकीचं पहिलं पत्र यावं आणि त्यात ‘आबा’ एवढा एक शब्द सोडला तर बाकी सगळ्या ऑर्डरी असाव्यात, हे मला आवडलं. माझीच पोर आहेस.

ऑर्डरी समजल्या. काढा सकाळ-संध्याकाळ द्यायचा. दर रविवारी पत्र टाकायचं आणि दिवसाला किती उबळी येतात त्याचा आकडा खरा लिहायचा. सांगलीत हळदीचा हंगाम सुरू झालाय, तुमच्या गल्लीत भुकटी उडते, म्हणून डॉक्टरांनी पोरीला डोंगरावर धाडायला सांगितलं. खोकला थांबला की आठ दिवसांत तू न्यायला येणार. ‘दुसरं कुणी नव्हतं म्हणून तुमच्याकडं धाडतेय’ हेही वाचलं. ते लिहिलं नसतंस तरी मला कळलं असतं.

आता रिपोर्ट. दिवसाला चौदा उबळी. पहाटेच्या सगळ्यात वाईट. डांग्या खोकला जाऊन तीन महिने झाले म्हणतेस, पण तो पुरता गेलेला नाही. हसली तरी उबळ येते, धावली तरी येते, म्हणून ती हसत नाही आणि धावत नाही. सहा वर्षांचं मूल इतकं बेतानं वागताना मी पाहिलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी अंगणात उभी राहिली आणि मला विचारलं, “आज्या, हितं गल्ली कुठं हाय?”

“न्हाई.”

“मग मानसं चालत्यात कुठनं?”

“जिकडनं वाटंल तिकडनं.”

हे तिला धोक्याचं वाटलं. अर्धा दिवस उंबऱ्याच्या आत बसून होती. धोंडुबाईच्या कोंबडीला भिते. धोंडुबाई तुला आठवत असेल, शेजारची. तुझी आई गेल्यापासून तीच मला भाकरी करून घालते आणि वर माझी हजेरी घेते. ती म्हणते पोरगी तुझ्यासारखी दिसते. मला सांगता येत नाही. ह्या वयाची तू मला फारशी दिसलीच नाहीस.

हंबीरराव


रविवार, ता. २५ फेब्रुवारी

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

रिपोर्ट आधी. दिवसाला दहा. अडुळसा धोंडुबाई स्वतः खुडून आणते. काढा पिताना पोरीचं तोंड बघण्यासारखं होतं, पण पिते.

दिवसभर करते काय, असं विचारलंस. प्रश्न विचारते. ह्ये काय, त्ये काय, ह्येचं नाव काय. आणि शालू, मी ह्या डोंगरात जन्मलेला माणूस, रायफलीच्या एकेका तुकड्याचं नाव मला झोपेत विचार, पण दारातल्या पाखरांची नावं येईनात. मोर, कावळा, चिमणी झाली की माझी परेड संपली. हवालदाराला ‘ठाऊक नाही’ म्हणायची सवय नसते, तेव्हा मी नावं ठोकून दिली. डोक्यावर काळा तुरा असतो तो जमादार. खोडावर ठोकत ठोकत वर चढतो तो सुतारकामाच्या पलटणीतला. आणि तपकिरी कोट घालून, लाल डोळे करून, कुंपणाखालनं सावकाश इन्स्पेक्शन करत फिरतो तो कर्नलसाहेब.

कर्नलसाहेब दिसला की ती सलाम ठोकते.

परवा दूध घालायला कोंडीबा गवळी आला होता. त्यानं ऐकलं आणि मला म्हणाला, “हवालदार, पोरीला खोटं कशापायी सांगताय? त्यो कुंभारकावळा हाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण राही त्याच्यावरच चढली. “कावळा कसा आसंल? त्यो साहेब हाय. चालतोय बघ कसा!”

कोंडीबानं जरा वेळ त्या पाखराकडं बघितलं. “व्हय गड्या,” म्हणाला, “साहेबच हाय.” आता तोही तसंच म्हणतो.

ओढ्याकाठची सावर फुललीय. एक पान नाही आणि झाड लालभडक. सकाळी सगळी पलटण तिथं चहाला जमते. आम्ही खाली घोंगडं टाकून बसतो. फुलं पडतात ती धप्पकन पडतात, एवढी जड. एक माझ्या पागोट्यावर पडलं. तिनं फुलाच्या वाटीत बोट बुडवून चाटलं आणि मला म्हणाली, “ग्वाड हाय, चाट.” मीही चाटलं. चोपन्नावं वर्ष लागलंय मला, आणि हे कुणी सांगितलं नव्हतं.

परवा अनवाणी निघाली. चपलांच्या आवाजानं पाखरं पळतात, असं तिचं म्हणणं. आईनं चपला घालायला सांगितलंय हे मी तिला सांगितलं. सांगितलं, एवढं लिहितो.

हंबीरराव


रविवार, ता. ११ मार्च

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

‘एवढं लांबलचक लिहू नका, आकडा कळला की पुरे,’ असं तू लिहितेस. बरं. आकडा सहा. पुढचं वाचायचं नसेल तर इथं थांब.

आम्ही वेण्णेपर्यंत उतरून गेलो होतो. येताना मी तिला खांद्यावर घेणार होतो, पण तिनं नको म्हटलं. नदीत आता डोह डोह राहिलेत. एका दगडाखाली खेकडीण होती, पोटाखाली मोहरीएवढी पिल्लं घट्ट धरून बसलेली. राहीनं दगड उचलला, बघितलं आणि जसा होता तसा हळूच परत ठेवला. “तिचं दार लावलं,” म्हणाली.

मग मी एक चूक केली. वरच्या रानात शेकरू आहे असं बोलून गेलो. शेकरू म्हणजे खारच, पण मांजराएवढी, शेपूट त्याहून लांब, झाडावरनं कधी खाली उतरत नाही. झालं. रोज सकाळी शेकरू. पहिले तीन दिवस दिसलं नाही. चौथ्या दिवशी तिनं मला बजावलं, “आज्या, तू लय हालतोस. म्हनून येत न्हाई त्ये.”

मला, शालू! मी बसऱ्याला खंदकात सहा-सहा तास न हलता बसलेला माणूस. पण तिचं खरं होतं, माझी मान दुखते म्हणून मी सारखा वळत होतो. पाचव्या दिवशी दोघं पाठीवर झोपलो, तोंडं आभाळाकडं. तासाभरानं आलं. जांभळीच्या शेंड्यावरनं झेप घेतली ती पलीकडच्या झाडावर, आणि तिथं काटक्यांचं भलंमोठं घरटं होतं त्यात शिरलं. पोरीनं माझा हात इतका घट्ट धरला की नखं उमटली. ओरडली नाही, खोकली नाही. शेकरू गेल्यावर मोठा श्वास सोडला आणि मग एकदा खोकली.

ते शेकरू एक घरटं बांधून भागवत नाही. पाच-सहा बांधतं आणि फिरून फिरून राहतं. कशासाठी, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, बदली होते त्याची. “तुझ्यावानी?” म्हणाली. तुझी आई तिला कधी भेटली नाही, तेव्हा हे तूच सांगितलं असणार, की आजोबा सारखे बदलीवर असायचे.

तुझ्या आईला ही सगळी पाखरं ठाऊक होती, असं धोंडुबाई सांगते. नावानिशी. मला तिनं कधी सांगितलं नाही, कारण मी कधी विचारलं नाही. ह्या आठवड्यात हे माझ्या मनातून जात नाही.

तुझा बाप,
हंबीरराव


रविवार, ता. २५ मार्च

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

आज आधी गोष्ट, मग आकडा. धीर धर.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमचे सगळे डोंगर निळे झाले होते. कारवी फुलली होती. ती आठव्या वर्षी फुलते आणि फुलली की वाळून जाते. मग यंदा अख्ख्या वाडीनं कोयते घेऊन कारवीच्या काठ्या तोडल्या, भिंतींचे कूड बांधायला. मीही अकरा भारे आणून पडवीत रचले. बोंडं तशीच होती, वाळून खडखडीत. बोंडं झोडून मग आत आणायचं असतं, हे पोरासोरांना ठाऊक असतं. मी तेवीस वर्षं पलटणीत, मला कोण सांगणार.

परवा भर दुपारची वेळ. धोंडुबाई पडवीत तांदूळ पाखडत होती, मी भिंतीला टेकून डोळे मिटले होते. ऊन फार म्हणून राहीला म्हटलं, जरा जमिनीवर पाणी शिंपड. तिनं शिंपडलं. मग तिला वाटलं काठ्यांनाही ऊन लागतंय. तांब्याभर पाणी भाऱ्यांवर ओतलं.

जरा वेळानं माझ्या कानाशी ‘ताड्’ झालं. मग ताड् ताड्. मग चहूकडनं सुरू झालं, एकाचं थांबतंय तोवर दहांचं. मी डोळे उघडायच्या आधीच पालथा पडलो होतो आणि ‘लेट जाओ, लेट जाओ’ म्हणून ओरडत होतो. पडता पडता धोंडुबाईचा पाय ओढून तिलाही खाली पाडली. तिचं सूप उडालं, तांदूळ अंगणभर. ती बिचारी मेलेल्यासारखी पडून विचारते, “हवालदार, जपानी आलं काय ओ?”

कारवीची बोंडं ती. पाणी लागलं की फुटतात आणि बी लांब उडवतात. एक बी माझ्या कानात सापडलं.

राही उभी होती मधोमध, तांब्या हातात, आणि हसत होती. मी वर बघितलं तशी म्हणाली, “आज्या, लढाई न्हाई, बिया हायेत! ऊठ की!” आणि पुन्हा हसायला लागली.

नंतर थोडी उबळ आली. आकडा पाच.

हंबीरराव

ता. क. तेव्हापासून ती एकेक बोंड थुंकी लावून माझ्या तळहातावर ठेवते. ‘लढाई लावते,’ म्हणते. हात झोंबतो, पण फुटेपर्यंत मी हलवत नाही.


रविवार, ता. १५ एप्रिल

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

आकडा पाच.

तिचं वजन करून कळवा, असं तू तीनदा लिहिलंस. मेढ्याच्या दुकानदाराची तागडी सध्या बिघडलीय. दुरुस्त झाली की कळवतो.

दुसरं, एक मोठा परकर पाठव. आहे तो घोट्याच्या वर गेला. पोलकाही काखेत उसवला, धोंडुबाईनं दोनदा शिवला. पायातल्या तोरड्या घट्ट झाल्या म्हणून काढून ठेवल्यात, काळजी करू नकोस, डब्यात आहेत. कापड इथं रेशनवर मिळतं तेवढं पुरत नाही.

करवंदं लागलीत. जाळीत शिरायचं म्हणजे काटे, पण ती खालच्या अंगानं पोटावर सरपटत शिरते आणि आतनं मला बातम्या देते. आत काळी जास्त हायेत. आत सशाची वाट हाय. आत एक घरटं हाय, हिरव्या दोन पानांना पांढरा दोरा घालून शिवलंय, सुई कुठनं आणली आसंल? मला आत जाता येत नाही, तेव्हा मी बाहेर बसून करवंदं मोजून घेतो. ओठ, दात, पोलका, सगळं जांभळं होऊन बाहेर येते.

कोंडीबानं तिला शीळ शिकवली. तो दरीच्या पलीकडच्या अंगाला म्हशी घेऊन असतो, ही ह्या अंगानं शीळ घालते, आणि म्हशी माना वर करतात. कोंडीबा म्हणतो आता म्हशी त्याचं ऐकेनाशा झाल्यात. काल त्याला तिकडनं ओरडून सांगावं लागलं, “ए बाई, गप बस की! जनावरं बिथरत्यात!”

काल जाळीतनं बाहेर आली आणि तिनं मला अचानक विचारलं, “आज्या, तू आमच्या घरी का येत न्हाईस?”

“मला मोटार लागते.”

“मग चालत ये.”

शालू, मी तिला काय सांगू? तुझ्या लग्नाच्या वेळी मी क्वेट्याला होतो. माझ्या जमादार दोस्ताला मी शब्द दिला होता, तुझ्या मुलाला माझी मुलगी. तुझ्या आईनं मला न विचारता तुला सांगलीला दिली, आणि तू हो म्हणालीस. मला रजा मिळाली नाही असं मी तेव्हा कळवलं. रजा मिळत होती. मी मागितली नाही. वर त्या घराचा उंबरा चढणार नाही असं चारचौघांत बोलून बसलो. नंतर जमादाराचा मुलगा दुसरीकडं लग्न करून सुखात आहे, जमादार मला दरसाल पत्र टाकतो, आणि मी इथं माझा शब्द धरून बसलोय. हे सहा वर्षांच्या मुलीला समजावून सांगायला बसलो असतो तर मलाच हसू आलं असतं.

तुझा बाप,
हंबीरराव


रविवार, ता. २९ एप्रिल

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

आकडा पाच. परकर मिळाला. तू तो पोरगीच्या नेहमीच्या मापाहून दोन बोटं मोठा कसा काय शिवलास, हे मला कळलं नाही, पण बरोबर बसला.

आज फार लिहीत नाही. राही शेजारी बसलीय आणि अक्षरं बघतेय. धुळीत काडीनं गिरवून तिला बाराखडीतला ‘क’ आणि ‘र’ आला. आकडेही येतात, नऊपर्यंत.

हवा अजून मानवतेय. हंगाम संपेपर्यंत ठेवलेलं बरं, असं माझं मत.

हंबीरराव


रविवार, ता. १३ मे

चि. सौ. शालूस,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. पाच उबळी काही केल्या खाली येत नाहीत, म्हणून तू पोरीला मिरजेला मोठ्या डॉक्टरकडं नेणार, छातीचा फोटो काढणार, जावयांनी त्यासाठी वखारीतनं रजा टाकलीय, आणि तुला झोप नाही. पत्र वाचल्यापासून मलाही नाही.

मिरजेला नेऊ नकोस. पोरगी बरी आहे. आकडा शून्य आहे. कारवी उडाली त्या दिवसापासून शून्य आहे.

त्या दिवशी नंतर थोडी उबळ आली, असं मी लिहिलं. आली नव्हती. राही हसत होती तोवर मी जमिनीवर पडून वाट बघत होतो, की आता येईल. धोंडुबाईचे सांडलेले तांदूळ कोंबड्यांनी टिपून संपवले तरी ती हसतच होती. पोट धरून खाली बसली, डोळ्यांतून पाणी आलं, उचकी लागली, आणि खोकला म्हणून आला नाही. धोंडुबाई माझ्याकडं बघून म्हणाली, “हवालदार, गेला की ओ खोकला!” मला इतका आनंद झाला की मी तिथंच त्या तांदळात बसून राहिलो. आणि लगेच पाठोपाठ भीती वाटली. खोकला गेला म्हणजे आठ दिवसांत तू येणार, पोरीला घेऊन जाणार, आणि मग रविवारी मी काय करू?

म्हणून पाच लिहिलं. सहावरनं एकदम शून्य म्हटलं तर तुला पटणार नाही, अशी मी माझी समजूत घातली. दुसऱ्या रविवारी पुन्हा पाच. असे सात रविवार. दुकानदाराची तागडी ठणठणीत आहे. पोरगीचं वजन पाच शेरांनी वाढलंय. तिची शीळ दरी ओलांडून जाते हे मी तुलाच लिहिलं आणि त्याच कागदावर वर पाच लिहिलं, इतका मी शहाणा.

आणि ऐक. मागच्या रविवारी मी पत्र लिहीत होतो. तिला आकडे वाचता येतात हे मी विसरलो. तिनं बोट ठेवलं.

“आज्या, ह्ये पाच कशाचे?”

मी सांगितलं. खोटं सांगायला सुचलं नाही.

“पन मी तर खोकतच न्हाई.”

मी लेखणी खाली ठेवली. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग उठली, माझ्यापुढं सावधानमध्ये उभी राहिली, आणि पाच वेळा खोकून दाखवलं. एक, दोन, तीन, चार, पाच. बोटांवर मोजून. “आता खरं झालं,” म्हणाली. “टाक पत्र.”

ते पत्र मी टाकलं, शालू. ह्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. माझ्या एका खोट्यासाठी पोरगी खोकायला लागली आणि मी पाकीट बंद केलं. मग गुरुवारी तुझं मिरजेचं पत्र आलं, आणि मी काय करून बसलोय ते पुरतं डोळ्यांपुढं आलं. तू रात्र रात्र जागतेस आणि मी इथं करवंदं खातोय.

मला तिचा फार लळा लागला. हे खरं कारण आहे, दुसरं नाही. तू सहा वर्षांची होतीस तेव्हाही कारवी फुलली होती. तू आईचं बोट धरून ती बघायला गेली असशील. मी बसऱ्याला होतो. तुझ्या हातातली फुलं मी बघितली नाहीत, तुझे दुधाचे दात पडले ते मला पत्रातनं कळलं. राही रोज सकाळी काहीतरी हातात घेऊन माझ्याकडं पळत येते. पीस, शिंपला, मेलेला भुंगा, काहीही. ‘आज्या, ह्ये बघ.’ हे ‘बघ’ मला उशिरा मिळालं आणि सोडवेना.

तुला जे बोलायचं ते बोल. मिरजेची रजा रद्द करायला सांग. पोरीला न्यायला कधी येतेस ते कळव. तू म्हणशील तर मी स्वतः आणून पोचवतो. उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्याच्या आतही.

तुझा अपराधी बाप,
हंबीरराव


बुधवार, ता. २३ मे

चि. शालू,

तुझं पत्र आज सकाळी आलं. पोस्टमन खाली मेढ्यातच कोंडीबाला देऊन गेला, आणि कोंडीबानं ते अर्ध्या डोंगरावरनं दाखवत आणलं. मला आधी वाटलं, उघडूच नये.

मग उघडलं. तुझी शिव्यांची तयारी असेल म्हणून मी भिंतीला टेकून बसलो होतो. आणि तू लिहितेस काय! ‘आबा, शीळ आणि परकराचं पत्र आलं तेव्हाच मला कळलं. खोकणाऱ्या पोरीची शीळ दरीपलीकडं जात नाही, आणि आजारी पोरीचा पोलका काखेत उसवत नाही. परकर दोन बोटं मोठा उगाच शिवला नव्हता. मिरजेचं मी मुद्दाम लिहिलं. जूनमध्ये शाळा सुरू होते, आता खरं बोला म्हणून.’

म्हणजे मी सात रविवार घाम गाळून खोटं लिहीत होतो आणि तू सांगलीत बसून हसत होतीस. बरी आहेस.

मग तू एवढे दिवस गप्प का राहिलीस, ते वाचलं. पुन्हा वाचलं. तू लिहितेस, ‘पलटणीतनं तुमचं पत्र यायचं त्यात चार ओळी असायच्या. मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असा, मनिऑर्डर केली आहे, पोरीला आशीर्वाद. मला वाचता यायला लागल्यावर आई ते पत्र मला पुन्हा पुन्हा वाचायला लावायची, आणखी कुठं काही लिहिलंय का बघ म्हणायची. मी कागद उलटा करून बघायचे. ह्या वेळी पानं भरभरून आली. एवढं लांब लिहू नका, असं मी रागानं लिहून गेले, आणि मग तुम्ही खरंच ऐकाल म्हणून आठ दिवस घाबरून होते. खोकला गेलाय हे मला कळलंय, असं म्हटलं असतं तर पत्रं थांबली असती. म्हणून मीही पाच धरून बसले.’

मी पडवीत बसून रडलो. लपवत नाही आता काही. राही आली, तिनं माझ्या तोंडाकडं वाकून बघितलं.

“आज्या, रडतोस व्हय?”

“व्हय.”

“आईनं मारलं?”

“न्हाई गं. आई येतीया.”

तशी ती अंगणात तीन गिरक्या घेऊन धोंडुबाईला सांगायला पळाली, तिथनं शीळ घालून दरीपलीकडं कोंडीबाला सांगितलं. सगळ्या डोंगराला आता ठाऊक आहे की रविवारी तू येतेस. तिनं तुझ्यासाठी दोन दिवसांचा कार्यक्रम आखलाय. दुपारी झोपायला वेळ ठेवलेला नाही. जुन्या चपला घालून ये, नाहीतर इथं काढाव्या लागतील.

जावयांनाही घेऊन ये. त्यांनी टाकलेली रजा वाया घालवू नकोस. तुझ्या आईच्या दहाव्याला ते आले होते तेव्हा मी त्यांच्याकडं नीट बघितलंसुद्धा नव्हतं. त्यांना सांग, सासरा तोंडाचा वाईट आहे, पण शेकरू दाखवतो. आणि परत जाताना मोटारीत माझ्यासाठी एक जागा धरा. राहीनं मला चार दिवसांसाठी सांगलीला न्यायचं ठरवलंय. तिला कृष्णेचा घाट मला दाखवायचाय, तिथं कासवं आहेत म्हणते. मोटार लागली तर लागली.

ती पोचल्यावरही दर रविवारी तुला पत्र येईल. त्यात काय लिहायचं ते मला आता कळायला लागलंय.

पत्राच्या शेवटी तू एक विचारलंस, आणि त्याचं उत्तर द्यायला मी सकाळपासून बसलोय. बसऱ्याला असताना माझी आठवण यायची का, असं. यायची, शालू. रोज यायची. संध्याकाळी हजेरी झाली की जास्त यायची. तू केवढी झाली असशील ते मी रायफलीच्या उंचीवर बोट ठेवून मापायचो, आणि दर महिन्याला बोट थोडं वर सरकवायचो. मग कागद घेऊन बसायचो आणि हे कसं लिहायचं ते कळायचं नाही, म्हणून खुशाल आहे एवढंच लिहायचो. कागद उलटा करून बघायचीस तेव्हा तू शोधत होतीस ते हेच होतं.

मोटार मेढ्याला नऊला येते. मी आठपासून रस्त्यावर उभा आहे.

तुझा आबा